पाय दिला, चालायला कोण शिकवणार?

कृत्रिम पायांच्या वाटपाच्या कार्यक्रमात एक वाक्य हमखास ऐकू येतं. पाय मिळाला की माणूस आपोआप चालायला लागतो. चष्मा लावला की दिसतं, तसा पाय लावला की चालता येतं. शिकवायला वेगळा माणूस, वेगळे दिवस आणि वेगळा खर्च हवा, ही मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयांची चैन आहे. गरिबाला त्याची गरजच शिकवते. असं बोलणारे लोक वाईट नसतात. त्यांतले कित्येक जण पदरमोड करतात, देणगीदारांच्या दारात उभे राहतात, भर उन्हात मंडपात राबतात. म्हणूनच त्यांचं म्हणणं हसण्यावारी न नेता नीट खोडून काढलं पाहिजे. ते चुकीचं आहे, आणि त्या चुकीचा भुर्दंड ज्याचा पाय गेला त्यालाच पडतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय कापलेल्या माणसांना उभं करणं, चालवणं हेच माझं काम. त्यामुळे चष्म्याचं उदाहरण मला कुठे खटकतं ते आधी सांगतो. चष्मा लावणाऱ्याचा डोळा जागेवर असतो. पाय गेलेल्याचं पाऊल गेलेलं असतं आणि पावलाबरोबर जमिनीची खबरही गेलेली असते. दगड आहे की चिखल, उतार आहे की सपाटी, हे आपल्याला तळव्यातून कळतं. कृत्रिम पायाला यातलं काही कळत नाही. जमीन कशी आहे हे त्या माणसाला आता सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या साच्याच्या आत, त्या उरलेल्या पायावर कुठे किती दाब येतो त्यावरून ओळखायचं असतं. शिवाय ज्या कातडीवर हा दाब येतो, ती वजन पेलण्यासाठी घडलेलीच नाही. नडगीची, पोटरीची कातडी आणि टाचेची कातडी यांत किती फरक असतो, हे हात लावला तरी समजतं. त्या कातडीला रोज थोडा थोडा भार सोसायला शिकवावं लागतं. हे आपोआप होत नाही. आपोआप होते ती जखम.

पण खरं नुकसान पाय हातात पडण्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, की सर्जनच्या दृष्टीने काम संपतं. पाय बनवणाऱ्याचं काम रुग्ण त्याच्या दारात आल्यावर सुरू होतं. मधले दोन-तीन महिने, कधी वर्ष, कुणाच्याच खात्यावर नसतात. रुग्ण घरी खाटेवर पडून असतो. घरची माणसं मायेने त्याच्या गुडघ्याखाली उशी ठेवतात, कारण तसं ठेवलं की दुखत नाही. शेजारीपाजारीही तेच सांगतात. दिवसभर गुडघा वाकलेला, रात्रीही वाकलेला. काही आठवड्यांत मागच्या शिरा आखडतात आणि गुडघा सरळ होईनासा होतो. मांडीतून पाय कापलेला असेल तर दिवसभर बसून बसून खुबा पुढे वाकलेलाच राहतो. मग शिबिरात माप द्यायला हा माणूस येतो तेव्हा तंत्रज्ञाच्या हातात काय उरतं? आखडलेल्या गुडघ्यावर पाय बसवला तर पाऊल मागे राहतं आणि माणूस पुढे पडतो. सूट देऊन, जोड वाकवून कसाबसा पाय बनवता येतो, पण त्यावर चालणं कष्टाचं आणि धोक्याचं होऊन बसतं. गुडघा फारच आखडला असेल तर साधा पाय बसवताच येत नाही.

हे सगळं टाळायला लागतं काय? ती उशी काढून टाका, एवढं सांगणारा माणूस. गुडघा सरळ ठेवून झोपा. दिवसातून दोनदा वीसेक मिनिटं पालथे झोपा. खाटेच्या कडेवरून स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, लोंबकळत ठेवू नका. खुर्चीत बसलात तर खाली फळी घालून पाय लांब करा. चार-पाच वाक्यांचं काम आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वॉर्डात सांगता येतं, टाके काढायच्या दिवशी पुन्हा विचारून घेता येतं. तरीही उशी ठेवून आलेले, आखडलेल्या गुडघ्याचे रुग्ण माझ्याकडे सतत येत राहतात. त्यांना ‘तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?’ असं विचारलं की नातेवाइकांचे चेहरे पडतात. ज्या आईने प्रेमाने ती उशी ठेवली, तिलाच पुढे कळतं की मुलाच्या चालण्यात आपणच खोडा घातला. या बाईला दोष देणं अन्याय आहे. दोष तिला न सांगणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

क्रेप बँडेजचंही तेच. कापलेल्या पायाला सूज असते. ती उतरून टोकाला निमुळता, घट्ट आकार येईपर्यंत पाय नीट बसत नाही. त्यासाठी पट्टी बांधायची असते ती तिरकी, इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखी; टोकाला घट्ट आणि वर जावं तशी सैल. दर काही तासांनी सोडून पुन्हा बांधायची, रोज धुऊन, न पिळता, सावलीत सपाट पसरून वाळवायची. बहुतेक घरांत काय होतं? पट्टी गोल गोल गुंडाळली जाते आणि सुटू नये म्हणून वरच्या टोकाला घट्ट आवळली जाते. रक्त आणि पाणी खाली अडकतं, टोक फुगतं, वर खाच पडते. मोठ्या कष्टाने केलेल्या शस्त्रक्रियेचा आकार घरच्या पट्टीने बिघडतो. एकदा एका काकूंना मी पट्टी बांधून दाखवली, सोडली आणि म्हटलं, आता तुम्ही बांधा. लुगड्याच्या निऱ्या काढणारे हात ते. पहिल्याच खेपेला त्यांनी वीतभर पट्टी मोजून, तिरका पीळ देत, टोकाला ताण ठेवून अशी बांधली की आमच्या विभागातली शिकाऊ मुलं बघत राहिली. काकूंना अक्षरओळख नव्हती.

‘अशिक्षित लोकांना सांगून कळत नाही’ हा दुसरा आक्षेप मला म्हणूनच सर्वांत जास्त टोचतो. ज्या माणसाला ढेकूळ हातात घेऊन वाफसा आला की नाही ते कळतं, ज्या बाईला भाकरी कधी उलटायची ते तव्यावरच्या वाफेवरून कळतं, त्यांना स्टंपवरचा मोजा सुरकुतला की कातडी सोलते हे समजणार नाही? कळत नाही ते छापील इंग्रजी पत्रक. कळत नाही ते ओपीडीत मान वर न करता, एका दमात सांगून टाकलेलं. करून दाखवा, त्यांच्याकडून करून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला लावा, आणि मग कुणाला कळत नाही ते पाहू. माझा अनुभव असा, की शिकवणी नीट झाली तर शेतमजूर आणि निवृत्त मुख्याध्यापक सारख्याच वेगाने शिकतात.

आता ‘गरज शिकवते’ या म्हणण्याकडे येतो. गरज शिकवते, हे खरंच आहे. पण काय शिकवते? ज्याला पाय मिळाला आणि धडा मिळाला नाही, तो पहिल्या दिवशी सकाळी पाय चढवतो आणि संध्याकाळपर्यंत उतरवत नाही. मिळालेली वस्तू वापरली पाहिजे असं त्याला वाटतं. रात्री मोजा काढताना कातडी मोज्याबरोबर येते. नीट शिकवलेला माणूस पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं पाय घालतो, काढतो, स्टंप बघतो. लाली दिसली तर थांबतो. दहा मिनिटांत ती गेली तर ठीक, नाही गेली तर त्या दिवशी पुन्हा घालत नाही आणि तंत्रज्ञाला ती जागा दाखवतो. मग रोज वेळ वाढवतो. गरजेने शिकलेला माणूस ज्या बाजूला पाय नाही त्याच बाजूच्या हातात काठी धरतो, कारण मनाला ते साहजिक वाटतं. काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरायची असते हे त्याला कुणी सांगत नाही. तो कृत्रिम पायावर वजन टाकायला घाबरतो, उडी मारल्यासारखा चांगल्या पायावर येतो आणि वर्षभरात कंबर धरून बसतो. मांडीतून पाय कापलेला असेल तर गुडघा दगा देईल या भीतीने तो पाय बाहेरून गोल फिरवून टाकतो. ही सवय एकदा हाडीमासी खिळली की मोडायला नव्याने शिकवण्यापेक्षा दुप्पट कष्ट पडतात. गरज शिक्षिका आहे खरी, पण ती घाईने आणि चुकीचं शिकवते.

एक साधी गोष्ट सांगतो, कारण अशा साध्या गोष्टीवरच सगळं अडतं. पाय मिळाल्यानंतरच्या काही महिन्यांत स्टंप आक्रसतो. सगळ्यांचाच आक्रसतो, हे ठरलेलं. मग सॉकेट सैल होतं, स्टंप आत खोल उतरतो, टोक तळाला टेकतं आणि दुखायला लागतं. पाऊल टाकताना पाय वर-खाली सरकतो. माणसाला वाटतं, पाय बिघडला. तो काढून माळ्यावर टाकतो आणि पुन्हा कुबड्या घेतो. खरं तर त्याला हवा असतो एक जास्तीचा मोजा. एकावर दुसरा चढवला की स्टंप पुन्हा आपल्या जागी वर येतो. मोजे वाढवत वाढवत एका मर्यादेपलीकडे गेलं की नवं सॉकेट करायची वेळ झाली असं समजायचं. एवढं ठाऊक नसल्यामुळे माळ्यावर पडलेले, कापडात बांधून ठेवलेले, अजून स्टिकरही न निघालेले पाय मी घराघरांत पाहिले आहेत. वाटपाच्या यादीत ते ‘लाभार्थी’ म्हणून मोजलेले असतात.

टाचेच्या उंचीचाही घोळ असाच. कारखान्यात बनणारी काही पावलं ठरावीक उंचीच्या बुटासाठी जुळवलेली असतात. आपल्याकडे घरात बूट कोण घालतं? माणूस उंबऱ्याशी बूट काढतो, अनवाणी पावलावर उभा राहतो आणि पाय त्याला मागे ढकलतो. तो पडतो आणि समजतो की आपल्याला जमत नाही. जयपूर फूटची थोरवी इथेच आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ते पाऊल घडवलं, ते आपली माणसं अनवाणी चालतात, उकिडवी बसतात, मांडी घालतात, चिखलात उतरतात हे समोर ठेवून. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो माणसाच्या जगण्याकडे बघण्याच्या या दृष्टीचा सन्मान होता, असं मी मानतो. आणि हेच मला वाटपवाल्या मंडळींना सांगायचं आहे: ज्यांनी हा पाय बनवला त्यांनी आधी माणूस घरात, शेतात कसा वावरतो ते पाहिलं. तुम्ही त्यांचा पाय घेता, पण त्यांची नजर मागे ठेवता.

इथे कुणीतरी नर्तिका सुधा चंद्रन यांचं नाव घेतंच. बघा, जयपूर फूट घालून त्या नाचल्या. नाचल्या, आणि त्यांच्याइतका आदर मला क्वचितच कुणाबद्दल वाटतो. पण ज्यात पाय गेला तो अपघात १९८१चा आणि त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या १९८४मध्ये. मधली वर्षं कशात गेली? सरावात, दुखण्यात, पुन्हा पडून पुन्हा उभं राहण्यात. त्याबद्दल त्या स्वतः अनेकदा मोकळेपणाने बोलल्या आहेत. त्यांच्या पाठीशी नृत्याचं वर्षानुवर्षांचं शिक्षण होतं, शरीराला ताल आणि तोल माहीत होता. तरीही त्यांना इतका काळ लागला. मग ऊसतोडीत पाय गेलेल्या माणसाला एका दुपारच्या मंडपात चालणं जमावं, ही अपेक्षा कुठल्या आधारावर करायची? त्यांच्या उदाहरणातून जर काही सिद्ध होत असेल तर ते माझं म्हणणं.

मधुमेहामुळे पाय गेलेल्यांबद्दल तर मला जास्तच काळजी वाटते, कारण त्यांची संख्या वाढत जाणार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर मांडली आहे. या आजारात अनेकांच्या पायाची संवेदना मरते. टोचलं तरी कळत नाही, भाजलं तरी कळत नाही. म्हणजे ज्या दुखण्याच्या भरवशावर ‘गरज शिकवते’ असं म्हणायचं, ते दुखणंच त्यांना होत नाही. सॉकेटमध्ये कातडी सोलत असते आणि हा माणूस शांतपणे चालत असतो. त्याला शिकवावं लागतं ते डोळ्यांनी बघायला: रोज संध्याकाळी स्टंप साध्या साबणाने धुवा, पुसा, हातआरसा धरून मागची आणि टोकाची कातडी बघा, नजर अधू झाली असेल तर घरातल्या दुसऱ्याला बघायला लावा. सकाळी पाय घालण्याआधी धुऊ नका, ओलसर कातडी सॉकेटमध्ये लवकर फाटते. आणि यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे उरलेला पाय. एक पाय गेलेल्या मधुमेही माणसाचा दुसरा पाय जाण्याचा धोका फार मोठा असतो. तो पाय आता दुप्पट भार वाहतो. त्यावर लंगडी घालत न्हाणीत जाणं, अनवाणी उन्हात देवळाला प्रदक्षिणा घालणं, गरम पाण्याच्या पातेल्यात पाय बुडवून बसणं, ब्लेडने कुरूप कापणं, चपलेत खडा गेला आहे का हे न बघता पाय घालणं, यांतली कुठलीही एक गोष्ट दुसरा पाय घेऊन जाऊ शकते. मऊ तळाची एमसीआर चप्पल कशी असते, कुठे मिळते, ती घरातही का घालायची, हे वॉर्डातून सुटी होताना माहीत असलंच पाहिजे. ज्याच्या एका पायाच्या वाटपाचा फोटो आपण काढतो, त्याचा दुसरा पाय वाचवण्यासाठी कुणी दहा मिनिटंही देत नसेल तर आपण त्याला काय दिलं?

बिडी-तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद होऊन पाय गेलेले तरुणही असेच. पाय गेल्यावरही बिडी सुटली नाही तर आजार वर चढतो किंवा दुसरीकडे उतरतो. त्यांना तोंडी दटावून काही होत नाही. पुन्हा पुन्हा भेटून, घरच्यांना सोबत घेऊन ती सवय सोडवावी लागते. हेसुद्धा पायाच्या शिकवणीतच धरायला हवं.

आणि एक गोष्ट, जी लोक मला कुजबुजत सांगतात. ‘नसलेल्या पायाला खाज येते. अंगठा पिळल्यासारखा दुखतो. मला वेड लागलंय का?’ काहींना घरच्यांनी देवऋषाकडे नेलेलं असतं. पाय गेल्यावर तो असल्यासारखा वाटणं, दुखणं हे अम्ब्रोआज पारे या फ्रेंच सर्जनने सोळाव्या शतकात लिहून ठेवलं आहे. चारशे वर्षांहून जास्त काळ वैद्यकाला ही गोष्ट ठाऊक आहे. आणि आजही पाय कापायच्या आदल्या दिवशी रुग्णाला ‘असं वाटेल, घाबरू नका, तुम्ही अगदी शहाणे आहात’ एवढं सांगितलं जात नाही. नुसतं सांगितलं तरी अर्धी भीती जाते. १९९०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशात चांगल्या अवयवाचं प्रतिबिंब बघत हालचाल करण्याची पद्धत मांडली. काहींना तिचा चांगला उपयोग होतो. उभा आरसा गावच्या कुठल्याही फर्निचरच्या दुकानात मिळतो. स्टंपवर हळू टिचक्या मारणं, टॉवेलने चोळणं, यानेही कातडीचा हळवेपणा उतरतो. हे न सांगण्याला पैशाची अडचण हे कारण असूच शकत नाही.

रात्रीची एक गोष्टही इथेच येते. पहाटे लघवीला जाण्यासाठी अर्धवट झोपेत उठलेला माणूस पाय आहे असंच समजून उभा राहतो आणि कापलेल्या टोकावर पडतो. जखम उघडते, कधी हाड मोडतं. खाटेशी कुबडी किंवा वॉकर हाताला लागेल असा ठेवा, भांडं जवळ ठेवा, उठण्याआधी मांडीला हात लावा. पहिल्या आठवड्यात हे सांगितलं की पडणं टळतं.

बायकांबद्दल वेगळं बोललंच पाहिजे. पुरुषाचा पाय जातो तेव्हा त्याची पट्टी बायको बांधते, मोजे ती धुते, आरसा ती धरते. बायकोचा पाय जातो तेव्हा हे सगळं कोण करतं? बहुतेक वेळा सून किंवा मुलगी, आणि त्याही नसतील तर कुणीच नाही. मांडीतून पाय गेलेल्या बाईचं सॉकेट थेट जांघेपर्यंत चढतं. बैठकीचं हाड त्याच्या कडेवर नीट टेकलं आहे का, हे हाताने तपासावं लागतं. मंडपात, चादरीच्या आडोशाला, अनोळखी पुरुष तंत्रज्ञासमोर कुठली बाई सांगेल की मला इथे रुततंय? ती ‘बरा आहे’ म्हणते, पाय घेऊन घरी जाते आणि पुन्हा कधी घालत नाही. तिला साडी नेसून चालायचं असतं, चुलीपुढे बसायचं असतं, उकिडवं बसून उठायचं असतं, मासिक पाळीत ओल आणि घाम यांना तोंड द्यायचं असतं. हे विचारणारी बाई समोर असेल तरच ती बोलते. ‘बायका पाय वापरत नाहीत, त्यांना घरातच राहायचं असतं’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी त्यांना बोलता येईल अशी जागा करून द्यावी.

आता पैशाचा आक्षेप. एका माणसाला दहा दिवस शिकवण्याच्या खर्चात आणखी एकाला पाय देता येईल, असा हिशेब मांडला जातो. हिशेब वरवर दयेचा आहे, म्हणून पटतो. पण माळ्यावर गेलेल्या पायाचा खर्च शून्य धरला तरच तो जमतो. मोल्ड घेतला, प्लास्टिक वापरलं, तंत्रज्ञाचा दिवस गेला, आणि माणूस कुबड्यांवरच राहिला, तर ते पैसे कुणापर्यंत पोचले? शिवाय जखम चिघळून पुन्हा कापावं लागलं तर त्याचा खर्च त्याच सरकारी रुग्णालयावर येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात पुनर्वसनाची जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांवर टाकताना आर्थिक कुवतीची मर्यादा घातली आहे, त्याकडे बोट दाखवून शिकवणी वगळली जाते. कुवत कमी आहे म्हणूनच प्रत्येक पाय वापरात राहिला पाहिजे, असा त्या मर्यादेचा अर्थ मी लावतो. आणि हे काही माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली स्वीकारला. त्याच्या विसाव्या कलमात हिंडण्याफिरण्याची कौशल्यं शिकवण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली कृत्रिम अवयवांच्या सेवेची मानकं काढली, त्यात चार टप्पे आहेत: तपासणी, बनवून बसवणं, वापरणाऱ्याला शिकवणं, आणि सोपवून पाठपुरावा करणं. आपल्या शिबिरांत दुसऱ्या टप्प्यावरून थेट चौथ्याच्या पहिल्या अर्ध्यावर उडी मारली जाते.

पुण्याच्या वानवडीत लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे. तिथे पाय बसवणं आणि त्या पायावर चालायला शिकवणं ही एकाच जागेची, एकाच चमूची जबाबदारी असते. मुंबईत हाजी अलीला १९५५पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथेही हे शास्त्र शिकवलं जातं, राबवलं जातं. म्हणजे याच राज्यात, आपल्या डोळ्यांसमोर, कित्येक दशकं हे चालू आहे. जवानासाठी जे आवश्यक मानलं, ते हमालासाठी चैन कसं ठरतं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. लोक पुन्हा येत नाहीत. दहा दिवस सोडा, दुसऱ्या तपासणीलाही येत नाहीत. हे मी रोज बघतो. पण का येत नाहीत? मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. एसटीच्या पायऱ्या उंच असतात. जिल्ह्याच्या गावी रात्र काढायला जागा नसते. आल्यावर खोली बंद असते किंवा ‘साहेब रजेवर’ असतात. असा एक फेरा झाला की माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि आपण म्हणतो, त्यांनाच गरज नाही. यावर उपाय अवघड असले तरी आहेत. प्रवासभाडं आणि बुडालेल्या मजुरीचे काही पैसे पायाच्या खर्चातच धरा. आठवडाभर राहता येईल अशी सोय शिबिराच्या मंडपाऐवजी एखाद्या शाळेच्या रिकाम्या वसतिगृहात करा. गावच्या आशाताईला स्टंप बघायला, लाली ओळखायला, मोजा वाढवायला शिकवा. त्या साखरेच्या, दाबाच्या रुग्णांकडे जातातच. पण त्यांना या कामाचे पैसेही द्या, त्यांच्या माथी आणखी एक फुकटचं ओझं मारू नका. आणि शिकवणारा म्हणून पाय गेलेलाच जुना माणूस आणा. मी तासभर बोललो तरी जे होत नाही, ते तो आपली पँट वर करून, पाय काढून, पुन्हा घालून, जिना चढून उतरून दाखवतो तेव्हा होतं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. हे त्याच्या तोंडून ऐकलेलं कुणी विसरत नाही. अशा माणसाला मानधन द्यायला आपल्याकडे तरतूद नसते. ती करता येते. मनावर घेतलं तर एका बैठकीत करता येते.

सगळ्यांत आधी मोजणी बदला. किती पाय वाटले हे मोजू नका. सहा महिन्यांनी किती जण तो पाय घालून घराबाहेर पडतात, कितींच्या स्टंपला जखम आहे, कितींचा दुसरा पाय शाबूत आहे, हे मोजा आणि ते छापा. देणगीदारांनी हाच आकडा मागावा. त्यांच्या पैशाचं खरं काय झालं ते त्यातच दिसेल. आणि ज्या दिवशी पाय द्यायचा त्या दिवशी सही-अंगठा पाय मिळाल्याबद्दल घेऊ नका. त्या माणसाने स्वतः मोजा घालून पाय चढवला, काढला, आरशात स्टंप बघितला, खाली बसून उठला, संडासात जाऊन आला, पाच पायऱ्या चढून उतरला, आणि पडलं तर जमिनीवरून पुन्हा कसं उठायचं ते करून दाखवलं, की मग घ्या. एखाद्याला त्यासाठी तीन दिवस लागतील, एखाद्याला वीस. लागू देत. तोवर तो पाय आपल्याच ताब्यात आहे असं समजावं.